मुंबई सोलापूरच्या किती पट महाग? शंभर वर्षांपूर्वीचा एक हिशोब

ज्यांना हेडफोन लावायला वेळ नाही, बसमध्ये उभ्यानं वाचायचंय, त्यांच्यासाठी हा एपिसोड नेहमीप्रमाणे लिहून टाकतेय. बोलताना मी दोनदा भरकटले होते, ते थोडं आवरलंय. सगळं नाही.

गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला माझ्या धाकट्या भावाचा मेसेज आला. तो सोलापुरात असतो, एका खासगी कंपनीत अकाउंट्स बघतो. मुंबईतून ऑफर आली होती. पगार आताच्या पावणेदोन पट. घरात सगळे खूश, आईनं देवापुढे पेढे ठेवले. आणि यानं मला स्क्रीनशॉट पाठवला. कुठल्याशा वेबसाइटवर एका चौकटीत ‘सोलापूर’ टाकायचं, दुसऱ्या चौकटीत ‘मुंबई’, बटण दाबलं की आकडा येतो. आकडा सांगत होता की सोलापूरसारखंच राहायचं असेल तर मुंबईत दुपटीहून जास्त पगार हवा. खाली त्याचा प्रश्न: “ताई, म्हणजे मी तोट्यात जातोय का? परवा संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायचंय.” पाच मिनिटांनी दुसऱ्या वेबसाइटचा स्क्रीनशॉट. तिथं दीडपट लिहिलं होतं. म्हणजे एका ठिकाणी तो तोट्यात, दुसऱ्या ठिकाणी फायद्यात, आणि हा माणूस तर एकच!

आमच्या घराचा हप्ता तो भरतो, त्यामुळे प्रश्न गमतीचा नव्हता. पण मी पडले इतिहासवाली. मी त्याला म्हटलं, थांब, तुझ्याआधी हा हिशोब कुणी केला ते बघू. तो म्हणाला, “झालं! आता शिवाजी महाराजांपासून सुरू कर.” इतकं मागं नाही गेले. 1921 पर्यंत गेले.

तेव्हाची मुंबई डोळ्यांपुढं आणा. पहिलं महायुद्ध संपलंय. धान्य, कापड, रॉकेल, सगळ्याचे भाव चढलेत. 1919 आणि 1920 च्या सुरुवातीला गिरण्यांमध्ये मोठे संप झाले. कामगार म्हणतात पगारात भागत नाही, मालक म्हणतात भागतं, आणि सरकारकडे कोण खरं बोलतंय हे तपासायला एकही धड आकडा नाही. म्हणून मुंबई सरकारनं 1921 मध्ये ‘लेबर ऑफिस’ नावाचं खातं काढलं. त्याचे प्रमुख होते फिंडले शिरास नावाचे संख्याशास्त्रज्ञ. सप्टेंबर 1921 पासून ‘लेबर गॅझेट’ हे मासिक निघायला लागलं आणि त्यात मुंबईच्या राहणीखर्चाचा आकडा येऊ लागला.

मग या खात्यानं एक धाडसी काम केलं. माणसं चाळीचाळीत गेली आणि कामगारांच्या घरी बसून महिन्याचा खर्च लिहून घेतला. तांदूळ किती, मीठ किती, पान-सुपारी किती, सावकाराला किती. 2,473 कुटुंबं आणि 603 एकटे राहणारे पुरुष. हा अहवाल 1923 मध्ये छापून आला. कल्पना करा, सरकारी माणूस वही घेऊन दारात उभा आहे आणि विचारतोय, महिन्याला विडीवर किती घालवता? किती जणांनी खरं सांगितलं असेल देव जाणे. पण तरी हा खजिना आहे.

कुटुंबाची सरासरी मासिक कमाई निघाली 52 रुपये, 4 आणे, 6 पै. खर्चाच्या दर शंभर रुपयांतले 56.8 रुपये खाण्यावर, 7.4 सरपण आणि दिवाबत्तीवर, 9.6 कपड्यांवर, 7.7 घरभाड्यावर, उरलेले 18.5 इतर गोष्टींवर. 47 टक्के कुटुंबांवर कर्ज. आणि या अहवालातलं एक वाक्य नंतर फार गाजलं. त्याचा अर्थ असा होता की दुष्काळी कामावरच्या माणसाला नियमानं जास्तीत जास्त जेवढं धान्य द्यायचं, साधारण तेवढंच मुंबईचा कामगार खातो. पण मुंबईच्या तुरुंगातल्या कैद्याला ठरवून दिलेल्या धान्याहून ते कमी आहे. हे कुठल्या कामगार पुढाऱ्याचं भाषण नव्हतं बरं का. सरकारी अहवाल होता.

आता आमच्या गावाकडं या. सोलापुरात पहिली मोठी गिरणी 1877 च्या सुमारास सुरू झाली, तिलाच लोक पुढं ‘जुनी मिल’ म्हणायला लागले. आमचे आजोबा गिरणीतच होते. भोंग्यावर घड्याळ लावायचे, घड्याळावर भोंगा नाही. तर लेबर ऑफिसनं 1925 मध्ये सोलापुरात आणि 1926 मध्ये अहमदाबादेत तशाच पाहण्या केल्या. सोलापूरच्या कामगार कुटुंबाची कमाई निघाली 39 रुपये, 14 आणे, 10 पै. अहमदाबादची 44 रुपये, 7 आणे, 2 पै.

हे वाचलं आणि मी भावाला फोनच केला. म्हटलं, अरे, तुझा प्रश्न जसाच्या तसा सापडलाय! 52 ला 40 नं भागलं तर मुंबईची कमाई सोलापूरच्या 1.3 पट येते. तुला पावणेदोन पट देतायत, शंभर वर्षांत फरक वाढला. तो म्हणाला, “खर्चाचं सांग की.”

खर्चाचं बघायला गेले आणि तिथं माझी पहिली फजिती झाली. सोलापूरचं कुटुंब शंभरातले 49.25 रुपये खाण्यावर घालवत होतं. मुंबईचं 56.8. आपला साधा समज काय? कमाई जास्त तर खाण्याचा वाटा कमी. एर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञानं 1857 मध्ये हाच नियम मांडला होता: माणूस जितका गरीब तितका त्याच्या कमाईचा मोठा भाग पोटात जातो. या नियमानं बघितलं तर बावन्न रुपयेवाला मुंबईकर चाळीस रुपयेवाल्या सोलापूरकरापेक्षा गरीब ठरतो! मी लगेच निष्कर्ष काढायला निघाले होते. मग लक्षात आलं की मुंबईची पाहणी 1921-22 ची आहे आणि सोलापूरची 1925 ची. मधल्या काळात भाव उतरले होते. शिवाय सोलापूरच्या यादीत ‘इतर’ खर्च तब्बल 23.02 रुपये आहे, आणि या ‘इतर’मध्ये करमणूक असते तशी सावकाराच्या व्याजाची रक्कमही असते. म्हणजे तो आकडा सुखाचा की फासाचा, हे नुसत्या टक्क्यांवरून सांगता येत नाही.

घरभाड्याचं तर आणखी गमतीचं आहे. खर्चातला भाड्याचा वाटा सोलापुरात 6.27 टक्के, मुंबईत 7.7, आणि अहमदाबादेत 11.74. कागदावर बघाल तर मुंबईत घर अहमदाबादपेक्षा हलकं! सोलापूरपेक्षाही फार जड नाही. हे कसं काय? एक कारण म्हणजे मुंबईत 1918 पासून भाड्यांवर सरकारी लगाम होता. पण दुसरं कारण त्याच अहवालात आहे आणि ते वाचून मी थोडा वेळ पुढचं पान उलटलं नाही. पाहणीतली 97 टक्के कुटुंबं एका खोलीत राहत होती. शंभरातली सत्त्याण्णव. घर महाग पडलं की माणूस जास्त पैसे देतोच असं नाही. पैसे नसले तर तो जागा सोडून देतो. स्वयंपाकघर सोडतो, मग खिडकी सोडतो, मग आडवं झोपायची हक्काची जागाही सोडतो. मग सरकारी वहीत भाडं कमी दिसतं.

हे मला भावाला सांगायचं होतं. वेबसाइट सांगते की मुंबईत लोक अमुक खर्च करतात. त्यांनी काय काय सोडलं म्हणून तो खर्च तेवढ्यात बसला, हे ती सांगत नाही.

तोवर यानं तिसरा स्क्रीनशॉट पाठवला होता. आता गडी सरकारी आकड्यांपर्यंत पोचला होता. “ताई, औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक. यात मुंबई पण आहे, सोलापूर पण आहे. यावरून तरी नक्की कळेल ना?” अकाउंट्सवाला आहे, त्याला आकड्यावर शिक्का असला की बरं वाटतं.

हा निर्देशांक म्हणजे लेबर ऑफिसच्या त्या जुन्या आकड्याचाच वारस. आता तो केंद्र सरकारचा लेबर ब्युरो काढतो, देशातल्या 88 केंद्रांचा, 2016 सालचे भाव 100 धरून. पण यात एक मोठा खड्डा आहे आणि शंभर वर्षं लोक त्यात पडतायत. प्रत्येक शहराचा 100 हा त्या शहराचा स्वतःचा असतो. जुन्या काळी तर सालंसुद्धा वेगळी होती. मुंबईचा आकडा जुलै 1914 ला 100 धरून मोजायचे, अहमदाबादचा ऑगस्ट 1926 ते जुलै 1927 ला धरून, आणि सोलापूरचा फेब्रुवारी 1927 ते जानेवारी 1928 ला.

लहानपणी दाराच्या चौकटीवर पेन्सिलनं उंचीची खूण करायचे आठवतं? समजा तुमच्या घरच्या खुणेवरून मुलगा वीतभर वाढला आणि शेजारच्या घरी चार बोटं वाढला. यावरून कोण उंच ते कळतं का? तुमचा कदाचित अजूनही बुटकाच असेल! निर्देशांक तसाच आहे. उद्या सोलापूरचा आकडा मुंबईपेक्षा मोठा आला तर त्याचा अर्थ एवढाच की 2016 पासून सोलापूरची महागाई जास्त वेगानं वाढली. सोलापूर मुंबईपेक्षा महाग झालं असा नाही.

म्हणून हा आकडा निरुपयोगी आहे का? अजिबात नाही. त्यासाठी लोकांनी घाम गाळलाय. दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि भाव पुन्हा चढले, तेव्हा 1940 च्या मार्च-एप्रिलमध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी महागाई भत्त्यासाठी मोठा संप केला. पुढं भत्ता या निर्देशांकाला बांधला गेला, म्हणजे आकडा चढला की भत्ता चढायचा. मग भांडण आकड्यावरच सुरू झालं. 1963 मध्ये मुंबईचा निर्देशांक खरी महागाई दाखवत नाही अशी ओरड इतकी वाढली की राज्य सरकारला प्राध्यापक लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमावी लागली, आणि आकड्यात दोष आहेत हे त्या समितीनं मान्य केलं. म्हणजे एक काळ असा होता की मुंबईत नाक्यावर उभा असलेला माणूस संख्याशास्त्रावर तावातावानं बोलायचा. मला हे फार आवडतं.

पण हे सगळं एका शहरातलं, काल विरुद्ध आज असं होतं. माझ्या भावाचा प्रश्न वेगळा आहे: इथं विरुद्ध तिथं. तो प्रश्न नीट विचारणारा माणूस मला मिळाला तो थेट अमेरिकेत, आणि तो होता हेन्री फोर्ड. पाच मिनिटं तिकडं जाऊन येऊ, कारण भावाच्या त्या वेबसाइटचे आजोबा तिथंच भेटतात.

1929 साल. फोर्ड कंपनी युरोपात ठिकठिकाणी कारखाने चालवते. मालकाचं म्हणणं असं, की डेट्रॉइटमध्ये माझा कामगार दिवसाला सुमारे सात डॉलर मिळवून जसा राहतो, तसाच माझा बर्लिनचा, कोपनहेगनचा, बार्सिलोनाचा कामगार राहायला हवा. तर तिथं किती पगार द्यावा? हा प्रश्न गेला जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेकडे. खर्चाला पैसे मिळवून दिले एडवर्ड फायलीन या अमेरिकन व्यापाऱ्यानं. आधी डेट्रॉइटमधल्या 100 फोर्ड कामगारांच्या घरचा वर्षाचा हिशोब लिहून घेतला. वर्षाची कमाई सरासरी 1,700 डॉलरच्या आसपास. मग ती यादी घेऊन युरोपातल्या शहरांमध्ये भाव विचारत फिरायचं.

आणि तिथं गाडी अडकली. अगदी शब्दशः गाडीच. डेट्रॉइटच्या या शंभर घरांपैकी जवळपास निम्म्यांकडे मोटार होती. युरोपातल्या कामगाराकडे मोटार? तो ट्रामनं जायचा. मग ‘तसंच राहणं’ म्हणजे काय? बर्लिनमध्ये मोटारीचा खर्च धरायचा की ट्रामच्या तिकिटाचा? जेवणाचंही तेच. डेट्रॉइटची थाळी युरोपात मांडली तर महाग पडणार. तिथल्या माणसासारखं जेवलं तर स्वस्त पडेल, पण मग ते डेट्रॉइटसारखं राहणं उरतं का? शिवाय युरोपातल्या मालकवर्गाला ही चौकशी अजिबात रुचली नव्हती. उद्या आमचा कामगार हाच तक्ता घेऊन पगारवाढ मागेल, ही भीती. अखेर 1931 मध्ये अहवाल छापून आला. बहुतेक शहरं डेट्रॉइटपेक्षा स्वस्त निघाली, स्टॉकहोम मात्र जवळपास बरोबरीला.

आज ज्या दोन चौकटींत आपण शहरांची नावं टाकतो, तो खेळ साधारण इथून सुरू झाला. मोठ्या कंपन्या माणसाला एका शहरातून दुसऱ्या शहरात पाठवताना असेच तक्ते वापरतात. पण हे विसरू नका की प्रश्न मालकाचा होता. माझा माणूस तिथं गेला तर त्याला किती द्यावं लागेल? त्या माणसाची राहायची सोय, घरमालकाशी ओळख, मुलांची शाळा, हे कंपनी बघणार. तुमच्याआमच्यासारखा माणूस ट्रंक घेऊन जातो (बरं, ट्रॉली बॅग घेऊन), त्याचा प्रश्न वेगळा असतो. त्या शहरात नवीन माणसाला काय पडतं?

तर परत मुंबईत येऊ. कारण या बाबतीत मुंबईइतकं शिकवणारं शहर नाही.

1920 मध्ये मुंबई सरकारनं ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ काढलं. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी इथं 207 चाळी बांधल्या. ह्याच त्या बीडीडी चाळी, आता ज्यांचे टॉवर होतायत. खोली 160 चौरस फुटांची. चाळीचाळीत लोक खचाखच भरलेले असताना या नव्या काँक्रीटच्या खोल्यांवर उड्या पडायला हव्या होत्या ना? पण सुरुवातीची काही वर्षं वरळीच्या खोल्या मोठ्या संख्येनं रिकाम्या राहिल्या. भाडं कमी करूनही. कारण बाहेर दिवे नाहीत, जवळ बाजार नाही, दवाखाना नाही, रात्री पोलीस नाही. यात मी माझा एक तर्क घालते: ओळखीचा दुकानदारही नाही. ज्याचं घर महिनाभर वाण्याच्या उधारीवर चालतं, त्याला वाणी सोडून लांबची स्वस्त खोली घेणं परवडेल कसं? भाडं वाचेल, पण उधारी बंद होईल.

पुढं 1947 चा भाडे नियंत्रण कायदा आला आणि भाडी साधारण सप्टेंबर 1940 च्या पातळीला गोठवली गेली. हेतू चांगला होता, फाळणीचे दिवस, लोंढेच्या लोंढे येतायत, घरमालकांनी लुटू नये म्हणून. पण याचा परिणाम असा झाला की एकाच चाळीत, एकाच मजल्यावर दोन वेगळी शहरं तयार झाली. जुन्या भाडेकरूसाठी मुंबई वर्षागणिक स्वस्त होत गेली, कारण बाकी सगळं वाढलं आणि भाडं तिथंच थांबलं. नव्या माणसाला मात्र आत शिरायचं तर ‘पागडी’ मोजावी लागायची, रोख, एकरकमी. कायद्यानं बंदी होती तेव्हाही मोजावी लागायची. 1999 च्या कायद्यानं शेवटी तिला मान्यता दिली.

आता या मजल्यावरच्या भाड्याची सरासरी काढा बघू. जी निघेल ती ना जुन्याची असेल ना नव्याची.

भावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, “मला कोण पागडी मागणार?” पागडी नाही रे. डिपॉझिट, एजंटची दलाली, अकरा महिन्यांचा करार, अकरा महिन्यांनी परत टेम्पो. त्याच्या एक्सेल शीटमध्ये ‘भाडं’ अशी एकच ओळ होती. दर अकरा महिन्यांनी टेम्पो ही ओळ नव्हती.

मग ज्यांच्याकडे पागडी नव्हती ते मुंबईत राहिले कसे? ही गोष्ट माझ्या मते आख्ख्या विषयाचा गाभा आहे. कोकणातून, घाटावरून आलेल्या माणसांनी गावाच्या नावानं खोल्या घेतल्या. एका गावचे वीस-पंचवीस, कधी त्याहून जास्त पुरुष मिळून एक खोली. प्रत्येकाची वर्गणी, प्रत्येकाची एक खुंटी आणि एक ट्रंक. दिवसपाळीचा उठला की त्याच वळकटीवर रातपाळीचा झोपणार. लालबाग-परळ, डोंगरी भागात अशा ग्रामस्थ मंडळांच्या खोल्या अजूनही सापडतात. गोव्याच्या लोकांनी हेच धोबी तलाव, माझगाव भागात केलं, त्याला ‘कूड’ म्हणतात. बोटीवर काम करणारा गोवेकर दोन फेऱ्यांच्या मधले दिवस आपल्या गावच्या कुडीत काढायचा. किरकोळ पैशात झोपायला जागा, ट्रंक ठेवायला जागा, भिंतीशी गावच्या संताची वेदी आणि रात्री किती वाजता परत यायचं याचे नियम.

जेवायला खाणावळ. गिरणगावात शेकडो बायका घरातल्या चुलीवर एकट्या कामगारांना जेवू घालायच्या आणि पैसे महिन्याला, पगार झाला की घ्यायच्या. म्हणजे महिनाभर त्या बाईनं स्वतः उधारीवर किराणा आणायचा, तोही बहुतेकदा सावकाराच्या पैशावर. मुंबई स्वस्त पडत होती ती या बायकांच्या जिवावर. 1975 मध्ये प्रेमाताई पुरव यांनी ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ काढलं आणि या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून द्यायला सुरुवात केली. राहणीखर्चाच्या कुठल्याही तक्त्यात या बाईची ओळ नसते. थाळीचा दर असतो. पगार चार दिवस लांबला तर ती काय करते, ते नसतं.

आणि गावाकडं मनिऑर्डर. मुंबईत राहणारा एकटा कामगार कमाईचा मोठा भाग गावी पाठवायचा. त्यामुळे ‘मुंबई महाग की गाव महाग’ असा त्याच्यापुढं प्रश्नच नव्हता. त्याला दोन्हीकडचा खर्च एकाच पगारात बसवायचा होता. एका घरातून दुसऱ्या घरात जाणं असं ते नव्हतंच, एकाची दोन घरं होणार होती. त्या बदल्यात गाव त्याला आडोसा द्यायचं. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि महिन्यांमागून महिने पगार नाही. तेव्हा कितीतरी जण गावी परतले, शेतावर राबले, सासुरवाडीला राहिले. ज्यांना परतायला गाव नव्हतं त्यांचे हाल जास्त झाले. पगार चालू असताना दोघांची मुंबई सारखीच महाग होती. पगार थांबल्यावर नव्हती.

सरकारला हे सगळं मोजायचं असतं तेव्हा सरकार काय करतं माहितीय? डोकी मोजतं. केंद्र सरकारी नोकरांच्या घरभाडे भत्त्यासाठी शहरांचे तीन वर्ग आहेत: एक्स, वाय, झेड. लोकसंख्या 50 लाख आणि वर असेल तर एक्स, 5 लाखांपासून 50 लाखांपर्यंत वाय, खालचे सगळे झेड. मुंबई एक्स. पुणे आधी वाय होतं, 2011 च्या जनगणनेत पुणे आणि परिसर मिळून 50 लाखांच्या जेमतेम वर गेला आणि पुणंही एक्स झालं. म्हणजे भत्त्यापुरती मुंबई आणि पुणे एकसारखी! सोलापूर वाय. महागाई भत्ता 50 टक्क्यांना पोचल्यापासून एक्सला मूळ पगाराच्या 30 टक्के, वायला 20. म्हणजे सरकारी हिशोबानं मुंबईचं घर सोलापूरच्या दीडपट. हे मी भावाला वाचून दाखवलं तर तो इतका हसला, की आई बाहेरून विचारायला आली काय झालं.

हसून झाल्यावर मात्र तो गप्प बसला. मग त्यानं शीट पुन्हा उघडली आणि मी फोनवर बसून सांगत गेले. ‘मुंबईचा खर्च वजा सोलापूरचा खर्च’ असं जे त्यानं मांडलं होतं, ते आधी खोडलं. कारण घराचा हप्ता, आई-बाबांची औषधं, विजेचं बिल यातलं काही तो गेला म्हणून कमी होणार नव्हतं. सोलापूरच्या खर्चातून फक्त त्याचं स्वतःचं जेवण आणि बाइकचं पेट्रोल वजा झालं. मग मुंबईचा पूर्ण खर्च खाली लिहिला, टेम्पोसकट. मग एक ओळ त्यानं स्वतःच घातली: पगार थांबला तर किती दिवस. आजच्या घडीला सोलापुरात त्याचं उत्तर होतं सात महिने. मुंबईत गेल्यावर, डिपॉझिट भरून, निघालं दीड महिना.

दीड महिन्याचा आकडा बघून मला वाटलं हा आता नाही म्हणणार. मनातून मला बरंही वाटलं असतं, खोटं कशाला बोलू.

पण त्यानं बाबांना फोन दिला. बाबांचे एक जुने शेजारी, त्यांचा मुलगा घाटकोपरला राहतो, दोन मित्रांसोबत भाड्यानं. त्यातला एक जण दिवाळीनंतर लग्न करून बाहेर पडणार होता. बाबांनी तिथल्या तिथं फोन लावला, वीस मिनिटं गावाकडच्या गप्पा झाल्या, शेवटच्या मिनिटात कामाचं बोलणं झालं. डिपॉझिट तिघांत वाटून घ्यायचं, पहिले दोन महिने सावकाश दिलं तरी चालेल. शीटमधला दीड महिना सव्वाचार झाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं कंपनीला कळवलं, येतो, पण दिवाळीनंतर. ते तयार झाले. आता तो घाटकोपरला आहे. काल विचारलं, काय रे, किती पट महाग आहे? तर म्हणाला, “ताई, खोलीत माझी एक खुंटी आहे आणि एक कपाट अर्धं. आणि इथल्या डब्यात शेंगाचटणी मिळत नाही, आईला सांग पाठवायला.”

शेंगाचटणी गेलीये, अर्धा किलो, कुरियरनं. कुरियरचा खर्च शीटमध्ये लिहिलाय.